सिल्व्हियाची पदरमोड

दिवाळीच्या आधी माळा उतरवायचा, हा आमच्या घरचा नेमच आहे. यंदा माळ्यावरून एक खोकं खाली आलं. सुतळीने बांधलेलं, वर माझ्याच अक्षरात ‘शिल्लक’ असं लिहिलेलं. उघडलं तर आत एकाच पुस्तकाच्या पस्तीसेक प्रती, एक पावती पुस्तक आणि पोस्टाच्या पावत्यांचा गठ्ठा. हे रद्दीत घालू का, असं सूनबाईने विचारलं. मी नको म्हटलं आणि खोकं पुसून पलंगाखाली सरकवलं. बाकीची कामं तशीच टाकून अर्धा तास त्या पावत्या चाळत बसले, ते वेगळंच.

त्या खोक्याची गोष्ट थोडक्यात सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या गावातले एक सर कथा लिहायचे. चांगल्या लिहायचे. शहरातल्या प्रकाशकांकडून त्यांची वही दोन-तीनदा साभार परत आली. तेव्हा वाचनालयात जाणाऱ्या आम्ही चौघींनी ठरवलं, आपणच छापू या. जिल्ह्याच्या प्रेसमध्ये पाचशे प्रती काढल्या. रात्री ओटा आवरला की मी प्रुफं तपासायला बसायची. शाळांना, वाचनालयांना पोस्टकार्डं लिहायची. एसटीच्या पार्सलने गठ्ठे पाठवायचे. हळदीकुंकवाला गेलं तरी पिशवीत चार प्रती असायच्याच. माझे भिशीचे पैसे त्यात गेले. दुसरी आवृत्तीही निघाली. मग सरांचं नाव झालं, शहरातल्या एका प्रकाशकाने पुस्तक मागितलं आणि सरांनी दिलं. नवी आवृत्ती देखणी निघाली. पण आम्हा बायकांचा तिच्यात कुठे उल्लेख नव्हता. मला एक प्रत पोस्टाने आली, आत सरांची प्रेमळ सही. भिशीचे पैसे मिळाले का, असं यांनी विचारलं. मी मागितलेच नव्हते, तर मिळणार कुठून?

राग आला होता का? आला होता. पण नेमका कुणाचा, ते कळत नव्हतं. ते कळायला मला पार पॅरिसच्या एका बाईची गोष्ट वाचावी लागली. सिल्व्हिया बीच तिचं नाव. विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांपैकी एक, जेम्स जॉइसची ‘युलिसिस’, हिने छापली. आणि छापली ती एका लहानशा पुस्तकांच्या दुकानातून. तिला प्रकाशनाचा अनुभव शून्य होता, भांडवल जवळजवळ नव्हतंच.

सिल्व्हिया मूळची अमेरिकेची. जन्म 14 मार्च 1887, गाव बाल्टिमोर. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. आणि गंमत बघा, तिच्या आईचा जन्म आपल्याकडचा, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या रावळपिंडीचा. सिल्व्हियाचे आजोबा मिशनरी म्हणून तिथे होते. तीन बहिणींत ही मधली. लहानपणी डोकेदुखीचा फार त्रास, त्यामुळे शाळेत फारशी गेलीच नाही. जे शिकली ते घरातल्या पुस्तकांतून. 1902 मध्ये वडिलांची पॅरिसच्या अमेरिकन मंडळींसाठी नेमणूक झाली आणि सगळं घर तिकडे गेलं. तीन-चार वर्षांनी घरचे परतले, पण सिल्व्हियाच्या मनात पॅरिस राहून गेलं ते गेलंच.

पुढे ती स्वतःच तिथे गेली. पहिलं महायुद्ध चालू होतं. पुरुष आघाडीवर गेलेले, शेतं ओस पडलेली. तर ही 1917 च्या उन्हाळ्यात स्वयंसेवक म्हणून शेतावर राबायला गेली. युद्ध संपल्यावर रेडक्रॉसबरोबर सर्बियात गेली. लोकांना कपडे, टॉवेल वाटत हिंडली. वय तिशीच्या पुढे, लग्न नाही, नोकरी नाही, हातात ठरावीक असं काहीच नाही. आपल्याकडे असती, तर घरोघरी हिचं कसं होणार, ही चर्चा झाली असती. तिकडेही थोडीफार झालीच असेल.

पण त्याआधी, 1917 मध्येच, एक गोष्ट घडली होती. एका मासिकाच्या शोधात ती अ‍ॅड्रिएन मोनिए नावाच्या तरुण फ्रेंच बाईच्या पुस्तकाच्या दुकानात शिरली. बाहेर वारा सुटला होता. सिल्व्हियाची टोपी वाऱ्याने उडाली आणि रस्त्यावरून घरंगळत निघाली. अ‍ॅड्रिएन आपला लांब झगा सावरत तिच्यामागे धावली आणि टोपी पकडून आणली. मग दोघी हसत हसत गप्पा मारायला बसल्या. त्या गप्पांतून जी मैत्री जडली, ती आयुष्यभराची. पुढे कितीतरी वर्षं त्या एकत्र राहिल्या, एकमेकींच्या जोडीदार झाल्या. एकटीने दुकान चालवणारी बाई सिल्व्हियाने डोळ्यांनी पाहिली, म्हणून आपल्यालाही ते जमेल असं तिला वाटलं. अशी एखादी अ‍ॅड्रिएन प्रत्येकीला भेटायला हवी, नाही का?

सिल्व्हियाला दुकान काढायचं होतं, पण पैसा? तिने आईला तार केली. आईने साठवलेली सगळी पुंजी पाठवून दिली. वडिलांना न विचारता की विचारून, ते मला ठाऊक नाही. पण लेकीच्या धंद्यासाठी आपली साठवण मोडणारी आई मला फार ओळखीची वाटली. पूर्वी लाँड्री असलेला एक गाळा मिळाला आणि 19 नोव्हेंबर 1919 ला दुकान उघडलं. नाव ठेवलं ‘शेक्सपिअर अँड कंपनी’. दोन वर्षांनी ते ओदेऑन रस्त्यावर, बरोबर अ‍ॅड्रिएनच्या दुकानासमोर गेलं. एका बाजूला फ्रेंच पुस्तकं, समोर इंग्रजी.

दुकान म्हटलं तरी ते जास्त करून वाचनालयच होतं. इंग्रजी पुस्तकं पॅरिसमध्ये महाग, विकत घेणं सगळ्यांना परवडायचं नाही. म्हणून सिल्व्हिया वर्गणी घेऊन पुस्तकं घरी न्यायला द्यायची. प्रत्येक सभासदाचं कार्ड, कुणी काय नेलं, कधी आणलं, सगळी नोंद. अर्नेस्ट हेमिंग्वे, पुढे ज्याला नोबेल मिळालं, तो तेव्हा पंचविशीच्या आतला, खिशाने फाटका. त्याच्याकडे वर्गणीचे पैसे नव्हते, तर नंतर दे म्हणाली आणि पुस्तकं दिली. दुकानात शेगडी असायची, बसायला खुर्च्या असायच्या, परगावच्या लेखकांची पत्रंही तिच्याच पत्त्यावर यायची. म्हणजे दुकानाबरोबर पोस्ट, बँक आणि धर्मशाळा, सगळं एकाच ठिकाणी!

1920 च्या जुलैमध्ये एका घरगुती समारंभात तिची जेम्स जॉइसशी ओळख झाली. हा आयर्लंडचा लेखक बायको आणि दोन मुलांना घेऊन नुकताच पॅरिसला आला होता. डोळे अधू, पैशाची कायमची तंगी. दुसऱ्या दिवशी हातात काठी, पायात मळके कॅनव्हासचे बूट अशा थाटात तो दुकानात आला आणि एका महिन्यापुरता सभासद झाला. तेव्हा तो ‘युलिसिस’ लिहीत होता. डब्लिन शहरातला एक दिवस, 16 जून 1904, आणि त्या दिवशी एका साध्यासुध्या माणसाच्या मनात जे जे येतं ते सगळं, एवढीच तशी गोष्ट. पण मनात येतं ते सगळं म्हणजे सगळंच. शेवटचं प्रकरण तर त्याच्या बायकोच्या मनातलं, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या चाललेलं, जवळजवळ स्वल्पविराम-पूर्णविरामांशिवाय. त्या काळी हे छापणं म्हणजे आगीशी खेळ.

अमेरिकेत दोन बायका ‘लिटल रिव्ह्यू’ नावाचं मासिक चालवत होत्या, मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप. त्यांनी या कादंबरीची प्रकरणं छापली, म्हणून 1921 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या कोर्टाने दोघींना पन्नास-पन्नास डॉलर दंड केला. आता अमेरिकेत कुणी पुस्तक छापेना. इंग्लंडमध्ये लेखकाबरोबर छापणाऱ्यावरही खटला व्हायचा, त्यामुळे तिथले छापखानेवाले हात लावेनात. जॉइस दुकानात येऊन हताश बसला. तेव्हा सिल्व्हियानेच विचारलं, की हे पुस्तक माझ्या दुकानाने छापलं तर? तोवर तिने एकही पुस्तक छापलेलं नव्हतं!

मैत्रिणींनो, हिंमत म्हणजे काय, ते इथे बघा. पण नुसती हिंमत नव्हती, हिशेबही होता. दिजाँ गावचे दारांतिएर नावाचे छापखानेवाले अ‍ॅड्रिएनच्या ओळखीचे. पैसे जमतील तसे देईन, या बोलीवर त्यांनी काम घेतलं. पैसे जमवायचे कसे? आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीचं पत्रक काढतात ना, तसंच तिने काढलं. एकूण एक हजार प्रती, त्यात तीन प्रकार. उंची कागदावरच्या, लेखकाच्या सहीच्या 100 प्रती 350 फ्रँकला, त्याखालच्या 150 प्रती 250 फ्रँकला आणि साध्या 750 प्रती 150 फ्रँकला. पत्रकं देशोदेशी गेली. कवी येट्सने मागणी नोंदवली, हेमिंग्वेने नोंदवली, फ्रेंच लेखक आंद्रे जीद तर स्वतः दुकानात येऊन नाव लिहून गेला. बर्नार्ड शॉने मात्र नकार कळवला. शॉ नक्की घेईल, अशी तिची जॉइसशी पैज लागली होती. ती हरली, तेव्हा जॉइसला चिरूट द्यावे लागले.

नफ्यातला 66 टक्के वाटा लेखकाला द्यायचा, असं ठरलं. राहिलेल्यात दुकान, टपाल, मदतनीस आणि तिची मेहनत. आणि मेहनत काय साधी? जॉइसचं हस्तलिखित टाइप करायला कुणी तयार होईना. एक बाई कशीबशी तयार झाली, तर तिच्या नवऱ्याने मजकूर वाचला आणि संतापून काही पानं चुलीत घातली. मग त्या पानांची दुसरी नक्कल अमेरिकेतून मागवावी लागली. छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार फ्रेंच, त्यांना इंग्रजीचा गंध नाही. त्यात जॉइस प्रुफं आली की चुका दुरुस्त करायचा नाहीच, नवा मजकूरच लिहायचा. पुस्तकाचा सुमारे एक तृतीयांश भाग त्याने प्रुफांवरच वाढवला म्हणतात. ज्यांनी कधी छापखान्याचं बिल भरलंय, त्यांनाच यातलं दुःख कळेल! दारांतिएरने तिला खर्चाची जाणीव करून दिली. पण लेखकाला हवी तितकी प्रुफं द्या, असं तिने सांगून टाकलं. मुखपृष्ठाचा निळा रंगही जॉइसला ग्रीसच्या झेंड्याचाच हवा होता. तो जुळेपर्यंत सगळ्यांची दमछाक झाली.

आणि तारीखही ठरलेली. 2 फेब्रुवारी 1922, जॉइसचा चाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी पुस्तक हातात हवंच, हा सिल्व्हियाचा हट्ट. पोस्टावर भरवसा नको म्हणून दिजाँहून येणाऱ्या आगगाडीच्या गार्डकडे दोन प्रती दिल्या गेल्या. थंडीच्या दिवसांत सकाळी सात वाजता ती स्टेशनवर हजर. पुडकं घेतलं, थेट जॉइसच्या घरी जाऊन एक प्रत त्याला दिली, दुसरी दुकानाच्या काचेत मांडली. 732 पानांचा निळा ठोकळा. ते बघायला ही झुंबड उडाली. लोकांना वाटलं, आपापली प्रत आजच मिळणार. शेवटी तिला ती काचेतून काढून ठेवावी लागली.

पुस्तक निघालं, आता खरी परीक्षा. ते परदेशी पोचवायचं कसं? अमेरिकेत सापडलं तर जप्त. मग हेमिंग्वेने एक युक्ती काढली. त्याचा एक मित्र कॅनडात सरहद्दीवर राहायला गेला. कॅनडात बंदी नव्हती, म्हणून पार्सलं तिथे पाठवली. तो मित्र रोज होडीने नदी ओलांडून अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जायचा आणि पँटमध्ये खोचून एक-एक प्रत पलीकडे न्यायचा. अशा चाळीसेक प्रती त्याने पोचवल्या. दीड किलोच्या आसपासचं पुस्तक पोटाशी बांधून रोज अधिकाऱ्यांसमोरून जायचं, विचार करा! काही प्रवासी तर पुस्तकावर मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाचं वेष्टन चढवून न्यायचे. कुठे पोस्टाने प्रती पकडल्या, कुठे कस्टमने. 1922 च्या शेवटी लंडनच्या हॅरिएट वीव्हर या बाईंनी याच कादंबरीची आवृत्ती काढली, तिच्या शेकडो प्रती सरकारी हातांत पडून नष्ट झाल्या. सिल्व्हियाचं काम मात्र थांबलं नाही. चीन, जपान आणि आपला हिंदुस्थानसुद्धा, कुठून कुठून मागणी यायची आणि ओदेऑन रस्त्यावरून पुडकी बांधली जायची. 1930 पर्यंत तिने ‘युलिसिस’ची अकरा मुद्रणं काढली.

आता जरा तिच्या गल्ल्यात डोकावू या. पुस्तक खपत होतं, मग ती श्रीमंत झाली असेल? छे! जॉइसला हात राखून खर्च करणं माहीतच नव्हतं. भारी हॉटेलात जेवण, डोळ्यांची ऑपरेशनं, मुलीचं आजारपण. पैसे संपले की तो दुकानात यायचा. येणारी रॉयल्टी आधीच उचललेली असायची, मग उसने. त्याची पत्रं लिहिणं, डॉक्टर शोधणं, भाषांतरांचा व्यवहार बघणं, सगळं हीच करायची. अमेरिकेत एका प्रकाशकाने 1926 मध्ये परवानगी न घेता ‘युलिसिस’ छापायला सुरुवात केली, तेव्हा निषेधाचं पत्रक काढून 167 नामवंतांच्या सह्या गोळा करण्याची खटपटही याच दुकानातून झाली. 1927 मध्ये तिने जॉइसच्या छोट्या कवितांचं पुस्तक छापलं, 1929 मध्ये त्याच्यावरच्या लेखांचं. दुसऱ्या कुणाचं तिने छापलं नाही. डी. एच. लॉरेन्सने आपली बदनाम कादंबरी देऊ केली, तरी तिने नाही म्हटलं. एकच लेखक, आणि त्यालाच सगळं वाहिलेलं.

आणि कागद? लेखी करार? पहिली आठ-नऊ वर्षं तर तो नव्हताच. 1930 च्या डिसेंबरमध्ये एकदाचा झाला आणि जगभरचे हक्क तिच्या नावावर आले. म्हणजे माझ्यासारखं कागदच नाही, असं तिचं नव्हतं. पण पुढे काय झालं ते ऐका. अमेरिकेतले मोठे प्रकाशक आता पुस्तक मागू लागले. तिने आपल्या हक्काची किंमत मागितली, ती त्यांना फार वाटली. मग जॉइसचा एक मित्र तिच्याकडे खेपा घालू लागला. तू जॉइसच्या आड येते आहेस, असा त्याच्या बोलण्याचा रोख. झालं! हे एक वाक्य तिला सहन झालं नाही. तिने जॉइसला फोन केला आणि त्याला पुस्तकाचं काय हवं ते करायला मोकळं केलं. करार असून नसल्यासारखा झाला.

6 डिसेंबर 1933 ला न्यूयॉर्कचे न्यायाधीश वूल्झी यांनी ‘युलिसिस’ अश्लील नाही असा निकाल दिला. 1934 च्या जानेवारीत रँडम हाउसने पुस्तक बाजारात आणलं. सगळीकडे बोलबाला झाला. ज्या बाईने बारा वर्षं ते जिवंत ठेवलं, तिच्या हाती त्यातलं काहीही आलं नाही.

इथे मी पुस्तक मिटून बसले होते. मला वाटलं, हा वेडेपणा झाला. मग वाटलं, आपण तरी काय वेगळं केलं? आड येते आहेस, असं कुणी म्हटलं की आपण बायका हातातलं सोडून देतो. माहेरच्या जमिनीवरची सही असो, दुकानातला वाटा असो, की नावाचा उल्लेख असो. मागितलं तर प्रेमात कमी पडलो, असं आपल्यालाच वाटतं. सरांनी मुद्दाम काही वाईट केलं नव्हतं. माझं काम हे काम आहे, असं मीच कधी म्हटलं नव्हतं, तर ते त्यांना कसं दिसणार? राग होता तो माझा माझ्यावरच होता.

सिल्व्हिया मात्र रडत बसली नाही. मंदी आली, अमेरिकन गिऱ्हाइकं मायदेशी परतली, दुकान बंद करायची वेळ आली. तेव्हा ज्यांना तिने उधारीवर पुस्तकं दिली होती, शेगडीजवळ बसवलं होतं, ते लेखक उभे राहिले. 1936 मध्ये जीदने पुढाकार घेऊन मित्रमंडळ काढलं. दोनशे जणांनी वर्षाला दोनशे फ्रँक द्यायचे आणि त्यांच्यासाठी दुकानात लेखकांनी वाचन करायचं. व्हालेरी आला, एलियट आला, हेमिंग्वेही आला. दुकान तरलं. पदरमोड अगदीच वाया गेली, असं म्हणता येत नाही, ते यामुळे.

मग दुसरं महायुद्ध. 1940 मध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरले. परदेशी लोक पळाले, सिल्व्हिया राहिली. 1941 च्या शेवटी एक जर्मन अधिकारी दुकानात आला आणि काचेतलं जॉइसचं ‘फिनेगन्स वेक’ मागू लागला. ती शेवटची प्रत होती. तिने नाही म्हटलं. तो पुन्हा आला, सगळा माल जप्त करतो म्हणून धमकावून गेला. त्यानंतर दोन तासांत त्या दुकानात काही उरलं नाही! शेजारपाजार, मैत्रिणी मदतीला धावल्या. कपड्यांच्या टोपल्यांतून हजारो पुस्तकं वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात नेली. सुताराने फळ्या काढल्या, रंगाऱ्याने दारावरचं नाव पुसून टाकलं. जप्तीला आलेल्यांना सापडणार काय? पुढे 1942 मध्ये जर्मनांनी तिलाच पकडलं. इतर बायकांबरोबर आधी प्राणिसंग्रहालयात, माकडांच्या घरात ठेवलं, मग व्हितेलच्या छावणीत सहा महिने. सुटल्यावर ती पुन्हा पॅरिसलाच आली. 1944 च्या ऑगस्टमध्ये शहर मोकळं झालं, तेव्हा हेमिंग्वे सैनिकांच्या गाड्या घेऊन तिच्या गल्लीत आला आणि तिचं नाव घेऊन हाका मारू लागला.

दुकान मात्र तिने पुन्हा उघडलं नाही. पाच हजार पुस्तकं पॅरिसच्या अमेरिकन वाचनालयाला देऊन टाकली. 1955 मध्ये अ‍ॅड्रिएन गेली. 1959 मध्ये सिल्व्हियाच्या आठवणींचं पुस्तक निघालं. त्यात कुणाबद्दल कडवटपणा नाही, पैशाचा कांगावा नाही. 16 जून 1962 ला, म्हणजे ‘युलिसिस’मधल्या त्याच तारखेला, डब्लिनजवळ कादंबरीची सुरुवात होते त्या बुरुजात जॉइसचं संग्रहालय उघडलं. उद्घाटनाला बोलावलं होतं सिल्व्हियाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दुकानाच्या वरच्याच घरात, पंचाहत्तराव्या वर्षी ती गेली. पॅरिसमध्ये जॉर्ज व्हिटमन यांनी पुढे आपल्या पुस्तकाच्या दुकानाला 1964 मध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हेच नाव दिलं आणि लेकीचं नाव ठेवलं सिल्व्हिया.

तिचे कागद आता अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जपून ठेवलेत. त्यात त्या सभासदांची कार्डंही आहेत. हेमिंग्वेने कधी काय वाचायला नेलं, जॉइसने काय नेलं, सगळं आजही वाचता येतं. हे वाचलं आणि मला वाटलं, बाईने साऱ्या जगाचा हिशेब लिहून ठेवला, तेवढा स्वतःच्या मेहनतीचा लिहायचा राहिला. पदरमोड करू नका, असं मी म्हणणार नाही. पदरमोड केल्याशिवाय चांगली कामं उभी राहतच नाहीत. पण ती वहीत मांडून ठेवावी. परत मागण्यासाठी नव्हे, निदान झाली होती हे कळण्यासाठी.

आमच्या महिला मंडळाने यंदा जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक काढायचं ठरवलंय. गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या गोळा करून झाल्यात. पहिल्या बैठकीत मी दोनशे पानी वही आणली. ओवी कुणी सांगितली, कुणी उतरवून घेतली, पैसे कुणी किती घातले, विक्रीतून आले तर वाटणी कशी, सगळं त्यात लिहिलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. घरच्या घरात एवढं कशाला, असं दोघी-तिघी म्हणाल्याच. मी म्हटलं, घरचं आहे म्हणूनच.

आणि पलंगाखालच्या त्या खोक्यातून एक प्रत काढली. आतल्या कोऱ्या पानावर शाईने आम्हा चौघींची नावं लिहिली, खाली छापल्याचं वर्ष घातलं. उद्या सकाळी वाचनालय उघडलं की ती प्रत देऊन यायची आहे.